गेटपासून शंभर मीटर

३ मार्च, सोमवार

नियम आजपासून लागू. हॉस्पिटलच्या आवारात आणि गेटपासून शंभर मीटरपर्यंत विडी-सिगरेट ओढायची नाही, विकायची नाही. सुटी सिगरेट तर अख्ख्या शहरात बंद — घ्यायची तर पाकीटच घ्या! गेटवर वॉचमनच्या ड्यूटीला आलो तर सुपरवायझरने माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली, हातात दंडाचं पावतीपुस्तक दिलं. म्हणाला, "तुम्हाला सवय आहेच." आहे तर! तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. पण तिकीट फाडलं की माणूस निदान कुठेतरी पोचायचा.

घरी शिट्टी बघून ही म्हणाली, "आता मलाही शिट्टीवर उठवणार का?"

४ मार्च, मंगळवार

चौदा जणांना हटकलं. त्यात दोन डॉक्टर! "काका, दोनच झुरके." त्यांची पावती फाडायची हिंमत झाली नाही. बाकी बारा जणांची फाडली. इथे तरी खरं लिहितो.

६ मार्च, गुरुवार

पालिकेची माणसं टेप घेऊन आली. गेटसमोरच्या मावशीची टपरी — बासष्ट मीटर. टेपचं एक टोक मला धरायला लावलं. पाकिटं, पुड्या सगळं पोत्यात भरून नेलं. चहाची शेगडी ठेवली.

दोन वर्षं तिच्याकडे चहा पितोय, साखर कमी लागते हे तिला पाठ. आज गोड पाक केला होता. मुद्दाम. मी गुपचूप प्यायलो.

७ मार्च, शुक्रवार

आज मात्र धडकी भरली. ऑक्सिजनच्या टाकीच्या कुंपणाला टेकून एक माणूस खुशाल ओढत उभा! मी ओरडलो, "अरे, सगळ्यांना घेऊन जातोस का?" त्याने दचकून पायाखाली विझवली. चाळिशीचा असेल. नखांत सिमेंट. गवंडीकाम करतो. बायको तिसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या खाटेवर — दोन्ही मूत्रपिंडं गेलीत.

"वर बसवत नाही साहेब. नळ्या बघवत नाहीत."

पावती फाडली. तो मला "थँक्यू" म्हणाला. कशाबद्दल?

१० मार्च, सोमवार

त्या गवंड्याला, मिस्त्रीला, हद्द दाखवली. गेटमधून डावीकडे, पुलाखालून पुढे, बंद पडलेल्या थिएटरच्या कट्ट्यापर्यंत. लिफ्टची रांग धरून जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं. मी स्वतः चालून पाहिलं, गुडघे बोलायला लागले.

तो मुकाट जातो, मुकाट येतो. म्हणाला, "एकच हवी होती. सुटी देत नाहीत, पाकीट घ्यावं लागलं. आता खिशात आहे म्हटल्यावर हात जातोच." नियम करणाऱ्याला हे सुचलं नसेल का?

१२ मार्च, बुधवार

मिस्त्री गेटपाशी घटकाभर थांबला. हॉस्पिटलची ही इमारत बांधायला ती दोघं होती! अकरा वर्षांपूर्वी, नवीन लग्न झालेलं. तिसऱ्या मजल्याची मागची भिंत याची. विटा तिने वाहिल्या. "मी कुठे थर तिरका लावला की खालून ओरडायची — अहो, ओळंबा बघा! त्याच भिंतीला तिची खाट लावलीय. ओळंब्यात आहे अजून. मी बघितलं."

मी म्हटलं, "भिंत चांगली आहे."

१३ मार्च, गुरुवार

मिस्त्री आज सहा वेळा गेला-आला. मोजू नये असं ठरवूनही मोजलं.

१४ मार्च, शुक्रवार

आजचं आजच लिहितो. नाहीतर झोप लागायची नाही.

अकराच्या सुमाराला मिस्त्री खाली आला. जिन्याजवळच्या खांबापाशी उभा. हातात सिगरेट, पेटवलेली नाही. म्हणाला, "साहेब, आजच्या दिवस इथे ओढू द्या. लांब जायचं बळ नाही." सुपरवायझर वीस पावलांवर खुर्ची टाकून बसलेला. मी म्हटलं, "नाही जमायचं मिस्त्री. हद्दीबाहेर जा."

गेला.

दहा मिनिटंही झाली नसतील. वॉर्डबॉय धावत आला — "नऊ नंबरचं कोण? लवकर!"

मी गेट सोडून पळालो. एकसष्टाव्या वर्षी! हाक मारायची तर नाव आठवेना. शिट्टी वाजवत सुटलो. रस्त्यावरची माणसं पटापट सिगरेटी फेकायला लागली. मी कुणासाठी वाजवतोय हे त्यांना काय माहीत! तो कट्ट्यावर बसला होता. मला बघून त्यानेही घाईघाईने विझवली. उठून उभा राहिला. "चुकलं साहेब. शंभर झाले नाहीत का?"

वर पोचेपर्यंत चादर तोंडावर ओढलेली होती.

१५ मार्च, शनिवार

डबा तसाच परत आणला. ही म्हणाली, "तुम्ही तुमचं काम केलं." तेच तर!

१७ मार्च, सोमवार

सुपरवायझरला म्हटलं, ही शिट्टी दुसऱ्या कुणाला द्या. तो हसला. "काय हे! पंधरा दिवसांत एक तक्रार नाही. वरच्या साहेबांनी तुमचं नाव काढलंय." प्रशस्तिपत्रक मिळणार म्हणे. मी शुक्रवारचं सांगायला लागलो तर म्हणाला, "गेट सोडून गेलात ते मी वर कळवलं नाही. समजून घ्या."

समजून घेतलं. शिट्टी गळ्यातच आहे.

१९ मार्च, बुधवार

खांबापाशी एक म्हातारा ओढत होता. बघितलं, न बघितल्यासारखं केलं. मग टाकी आठवली. वाजवली.

तो गेला त्या दिशेला ड्यूटी संपेपर्यंत बघायचं टाळलं.

२१ मार्च, शुक्रवार

तिसऱ्या मजल्याच्या सिस्टर मावशीकडे चहाला आल्या होत्या. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "काका, त्याला खाली मी पाठवलं होतं. तिनेच सांगितलं मला. शुद्धीत होती. म्हणाली, सिस्टर, यांना जरा लांब धाडा. हे समोर असले की मला सुटता येत नाही. मग शेवटी मलाच राहवलं नाही, म्हणून वॉर्डबॉयला पळवलं."

मिस्त्रीला हे माहीत नाही. तिला गावी नेलेल्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून त्याचं गाव विचारून घेतलं. उद्याची रजा टाकलीय. पहिली बस सातला.