डार्काच्या लग्नाचा सोशल

१० मार्च १९७९
आज परत तळघर हादरलं! नात ड्रम बडवते, तो खिळे मारलेल्या जाकिटातला रिक बोंबलतो, बाकीचे दोघं गिटारी खरवडतात. पंक म्हणे. म्हटलं, "गाणं मध्येच का सोडता?" डार्का म्हणते, "आजी, संपलं ते." एवढंसं!

२ एप्रिल
अख्ख्या विनिपेगमध्ये यांना कुणी उभं करत नाही. हॉटेलवाल्यांना ओळखीची गाणी हवीत, यांना स्वतःचीच वाजवायचीत. डार्का जेवली नाही. "कुणी ऐकलंच नाही तर बँड कसला, आजी?" रिक म्हणतो, टोरांटोला जाऊ. जा म्हणावं. ही पण गेली तर — जाऊ दे.

११ मे
चर्चमध्ये पिरोह्या, म्हणजे आमच्या बटाट्याच्या करंज्या, भरत बसले होते. हॉल समितीची चिटणीस स्टेफानिया गळ्यातच पडली. "पराश्का, नातीचं लग्न, आणि आम्हाला पत्ता नाही!" कार्टीने आपला युक्रेनियन हॉल सोशलसाठी घेतलाय. नवरी ही, नवरा रिक. लग्नाआधीचा सोशल म्हटलं की हॉल मिळतो, बिअरचा परवाना मिळतो, सगळी वस्ती तिकीट काढून नाचायला येते. बँड कुठला, कोण विचारतं!

घरी येऊन विचारलं, "लग्न करणारेस?"

"रिकशी? आजी, तो मोजेसुद्धा धूत नाही."

खरं सांगावं तर हॉल जातो. गप्प बसले. वर तीनशे पिरोह्या भरून द्यायचं कबूल केलं. मूर्ख मी!

२० मे
काल झाला तमाशा. बायका भरतकामाचे झगे घालून आल्या. बँड सुरू झाला. स्टेफानियाच्या नवऱ्याने तिची कंबर धरली, दोन गिरक्यांत धापा टाकत खाली बसला. हॉलचा रखवालदार मेत्रो तेवढा पुढे उभा राहून पाय आपटत होता. म्हणाला, "पराश्का, आपला पोल्का नाचच आहे की! फक्त पोलीस मागे लागलेत."

मग बायका ओरडल्या, "हिरको! हिरको!" म्हणजे नवरानवरीने मुका घ्यायचा. डार्का माइकवरच म्हणाली, "याच्यापेक्षा मी ड्रम चाटीन!"

झालं.

२३ मे
समितीचा हुकूम — यापुढे सोशल खऱ्याच लग्नाचा, फादरची चिठ्ठी हवी. स्टेफानिया म्हणाली, "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." म्हटलं, "पिरोह्या खाताना होतं की तोंड!"

डार्का बॅग भरतेय. रविवारची टोरांटोची बस. "इथे आम्हाला वाजवू देणार कोण?" मी ओरडले. तीही ओरडली. सूप ओतून टाकलं.

२५ मे
मेत्रो सहा वर्षं लग्नाचं विचारतोय. आज मीच विचारलं. "पोल्का वाजेल ना?" म्हणाला. नाही म्हटलं. तरी हो म्हणाला.

फादरची चिठ्ठी आणली. सोशल १६ जूनला, आमच्याच हॉलमध्ये. नवरा चौऱ्याहत्तर, नवरी एकाहत्तर. स्टेफानियाला बजावलं, बँड नवरी ठरवते. डार्काला जायचंच असेल तर १७ तारखेला जा म्हणावं!