गळ्याची तपासणी

आण्णा, आमच्या आरोग्य कचेरीत कॅन्सरच्या गाठी शोधायला गावोगाव लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी करायची योजना आली आहे. काही त्रास नसलेल्या माणसांचीही. मी बैठकीत म्हणाले, सगळ्या जिल्ह्यात लावण्याआधी एका तालुक्यात करून बघू. निम्म्या गावांत तपासणी, निम्म्या गावांत नाही, मग कुठल्या लोकांचं भलं झालं ते बघू. साहेब हसले. "मॅडम, तुमच्या वडिलांचा जीव अशाच शिबिरानं वाचला ना? उद्या सभेत तुम्हीच सांगा. मग कुणी काही विचारणार नाही."

तेव्हापासून मला तुमचं ताट ऐकू येतंय, म्हशी बोलवायला वाजवायचात ते.

पाटणच्या वरच्या अंगाला आपलं गाव, शाळेच्या व्हरांड्यात शिबिर. लोक लांबच उभे. तुम्ही फौजेतून आलेले, शर्टाचं वरचं बटण काढत पुढं झालात. "आरं या की रं. सुई न्हाई, काय न्हाई. तपासून घ्यायला काय जातंय?" मागून कुणीतरी म्हणालं, "आण्णांचा गळा नगा तपासू, मशीन फुटंल." सगळे हसले, तुम्हीही. म्हशींना घातलेली तुमची हाक तेव्हा पलीकडच्या टेकावर पोचायची.

गाठ निघाली, डाळीच्या दाण्याएवढी. सांगलीला ऑपरेशन झालं. त्यात आवाजाची नस दुखावली; शुद्धीवर आलात तेव्हा आवाज नव्हता, नुसता वारा. आई म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या आवाज. तुमी हायसा की." मग घरी आल्यावर रोज संध्याकाळी तुम्ही बांधावर उभे राहून ताट वाजवता, म्हशी येतात, आणि तुम्ही माझ्याकडं बघत नाही. पुढं गेलात ते हृदयविकारानं.

नोकरीला लागल्यावर एका डॉक्टरांकडून कळलं, अशा गाठी पुष्कळांना असतात, बऱ्याच जन्मभर काही करत नाहीत. माझ्या वडिलांची कसली होती, मी विचारलं. ते म्हणाले, "राहू दिली असती तर काय झालं असतं, ते आता कसं सांगणार?"

उद्या काय बोलू? वाचलात म्हणाले, तर लोक तुमच्यासारखेच बटण काढत रांगेत येतील. नाही म्हणाले, तर ज्याची गाठ खरीच वाईट असेल त्याच्या घरच्यांना कुठलं तोंड दाखवू? आधी नीट करून बघितल्याशिवाय कळणार नाही, एवढंच मला कळतं, आणि तेवढंच कुणाला ऐकायचं नाही. तुम्हाला विचारावं तर तुम्ही नाही. होतात तेव्हाही विचारलं नाही, बोलताना तुम्हाला धाप लागायची.

हा कागद मी फाडूनच टाकीन. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी वेणी घातली की मी आरशासमोर गळा चाचपून बघते.