तुझ्या गळ्यातली सवत

माय, तू जन्मभर माझ्याशी वऱ्हाडीत बोललीस आणि मी हे पुस्तकी मराठीत लिहितो आहे, म्हणून नाक मुरडू नकोस. माझा हात शाळेत घडला, जीभ तुझ्याजवळ. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. तिकडं मोठी माय सोबतीला असेलच, पण ती तरी कुठं शिकलेली होती! बाबांची ही पहिली बायको तापानं गेली आणि मग तू घरात आलीस. मी तिला कधी पाहिलं नाही, तूही नाही. तरी आपल्या घरात तिच्याइतका मान कुणालाच नव्हता.

पहिली बायको गेली की तिचा टाक, म्हणजे तिच्या तोंडाचा चांदीचा ठसा, दुसरीनं गळ्यात घालायचा, हा रिवाज. बाबांनी सुरुवातीला आज करू, उद्या करू म्हणत दिवस काढले. तोवर तुझी दोन लेकरं पाळण्यातच गेली. सवत रागावली, असं सगळ्या आळीनं ठरवलं, तेव्हा कुठं बाबांनी सोनाराकडून टाक आणला. बोराएवढा चांदीचा, मागून लाख भरून कोंदणात बसवलेला, त्यावर एका बाजूनं दिसणारं तोंड. मग मी झालो आणि जगलो. "तिनंच तुले राखलं," तू सांगायचीस. नवं लुगडं आलं की घडी मोडण्याआधी टाकाला लावून म्हणायचीस, "घे वं बाई, आंधी तू नेस." पुरणाचा पहिला घास तिचा. मला ताप आला की डॉक्टर नंतर, आधी त्या तोंडाशी तुझी कुजबुज. मला कधीकधी वाटायचं, या घरात मी तुझा कमी आणि तिचाच जास्त आहे.

देश नुकताच मोकळा झाला होता आणि मी अमरावतीच्या कॉलेजात शिकत होतो. आमच्या सरांना जुन्या नाण्यांचं वेड. कपाळाला फीत बांधलेली असली तर बहुतेक ग्रीक राजा, डोक्यावर पानांचा मुकुट असला तर बहुतेक रोमचा बादशहा, असं ते शिकवायचे. मी नाणी फक्त फोटोत पाहिली होती, पण दिवाळीच्या सुट्टीत जऊळका स्टेशनावर गाडीतून उतरलो तो जणू रोमहूनच आलो होतो. तिथून घरी आलो, तर आपल्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या कुत्र्यांनी मात्र मला नेहमीसारखंच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी तू चुलीपुढं बसून चिंचेच्या कोळानं टाक घासते आहेस. हळदकुंकवाचे थर निघतात आणि मी सहज वाकतो. जाड मान. आखूड केस. त्यांत खोवलेली पानं. कडेला झिजलेली परदेशी अक्षरं.

"माय," मी आनंदानं ओरडलो, "ही बाई नाही! हा बाप्या आहे! रोमचा बादशहा!"

अक्कल म्हणून काही असते, ती अमरावतीलाच विसरून आलो होतो. तुझ्या हातातून टाक ताटलीत पडला. आणि तू पहिली गोष्ट काय केलीस, तर डोक्यावरून पदर ओढून घेतलास.

"अवं माय वं! परका माणूस गयात घालून हिंडली मी इतली वर्सं? त्याच्यादेखत आंगधुनं केलं?"

बाबांना दुकानात बोलावणं गेलं. ते आले ते हातात तराजूची दांडी घेऊनच.

"सोनार म्हने, घडवाले येळ लागते," बाबा म्हणाले. "रिठदच्या एका वावरात नांगराले लागेल हे चांदीचं तोंड होतं त्याच्यापाशी. म्हने, नाक हाये, कान हाये, बसवून देतो. मले बाईच वाटली. केसात फुलं खोवेल होती ना!"

"तुमची बायको होती ते! तुमाले तिचं तोंड आठवेना काय?"

बाबांनी दांडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "नाई आठवत."

मला वाटलं, आता तू कडाडशील. पण तू रडायला लागलीस. "मंग ते कुठं गेली रे?" मला विचारलंस. "लुगडे त्यानं नेसले, पुरन त्यानं खाल्लं. ते त तशीच उपाशी राह्यली ना? मंग तुले राखलं कोनं?"

तू जेवली नाहीस. ताटलीपुढून जाताना मान खाली घालून पदर सावरायचीस, आणि मग दर थोड्या वेळानं येऊन माझ्या कपाळाला हात लावायचीस, मला ताप आला की काय म्हणून. मी धडधाकट, पण तुझा हात निघाला की मीही हळूच स्वतःचं कपाळ चाचपायचो.

संध्याकाळी तूच म्हणालीस, "त्या मेल्याले काढ तिथून." मी टाक चिमट्यात धरून निखाऱ्यावर शेकला. लाख सुटली, नाणं निघालं. नाण्याच्या दोन्ही बाजू बघाव्यात एवढं तरी शिकलो होतो, म्हणून उलटं केलं. मागं एक बाई खुर्चीवर बसलेली, पायघोळ वस्त्र, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डहाळी.

तू दिव्याजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिलंस. मग एकदम हसलीस, डोळे वाहत असतानाच.

"हे काय, हे बसली हाये ना! मी त्या मेल्याले कुकू लावून राह्यली, आन हे मांगून माया छातीले लागून बसेल होती. बोलली नाई बिचारी!"

मग तू पोटभर जेवलीस, तीही आधी तिला वाढून.

सोनारानं टाक पुन्हा बसवला, बाई वर, बादशहा खाली. आत त्याचं तोंड तुझ्या अंगाला लागू नये म्हणून त्याच्यावर चांगली जाड लाख ओतायला लावलीस. मी कळवळून म्हणालो, "माय, नाण्याचा सत्यानाश होईल." तू म्हणालीस, "होऊ दे."

पुढं मी नाणी ओळखण्याचा आणि ते शिकवण्याचाच धंदा केला. तसली नाणी पुष्कळ पाहिली. त्या बसलेल्या बाईला कुणी शांतीची देवी म्हणतात, कुणी बादशहाची आई. मी दोन्ही मतं विद्यार्थ्यांना सांगायचो आणि बजावायचो, नाण्याला ओलं बोट लावायचं नाही, काही फासायचं नाही. तू गेल्यावर टाक माझ्याकडे आला. तो देव्हाऱ्यात आहे, लाख मी फोडलेली नाही.

हे पत्र कुठं टाकणार? टेबलाच्या खणातच राहील. पण एक सांगतो, माय, विद्यार्थ्यांना सांगू नकोस. रोज सकाळी आंघोळ झाली की मी बोट ओलं करून त्या बाईला कुंकू लावतो. जन्मभर तोंडं ओळखत आलो, पन ते कुकू मोठ्या मायले लावून राह्यलो का तुले, हे काई मले ओळखू येत नाई.