ठकीचं तोंड उघडण्याविषयी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या वयात वाकलं की पाठ कुरकुरते, म्हणून कागदावरच घालतो.) तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भावोजींना हल्ली ऐकू येत नाही असं तू लिहिलंस, पण परवा फोनवर मी अगदी हळू विचारलेलं त्यांना लगेच कळलं. तेव्हा फार काळजी करू नये. तू बोलत नसताना एकदा तपासून बघ.

इकडे सगळे ठीक, आणि ठकी सगळ्यांत ठीक. तू पाहिलीस तेव्हा ही नात नुसती झोपायची. आता बसते, ओरडते, माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनची चाकं फिरवते. फक्त खात नव्हती. दूध प्यायची, पण चमचा दिसला की ओठ असे मिटायची, जणू आतून कुणी कडी घातली. हसण्यावारी नेलं असतं, पण लेकीची रजा संपत आली होती. बस चालवायची नोकरी तिने किती हट्टाने मिळवली, हे तुला ठाऊक आहे. आपण दिवसभर रस्त्यावर आणि बाळ घरी उपाशी, हे तिला सोसेना. शेवटी तिने गणवेश धुऊन, इस्त्री करून पिशवीत घातला. सोमवारी डेपोत परत देऊन यायचं, संपलं. मी दुकानात जाऊन एका मशीनला तेल घातलं. (त्याला आदल्याच दिवशी घातलं होतं.)

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की जबरदस्ती करू नका, मऊ शिजवलेलं समोर ठेवा, तिला हात घालू द्या, सांडू द्या. आम्ही माना हलवल्या आणि घरी येऊन मी, बायको आणि लेक अशा तिघांनी मिळून जबरदस्ती सुरू केली. चमचा तिच्याकडे निघाला की आमचीच तोंडं उघडायची. ती तिन्ही घशांची तपासणी केल्यासारखी बघायची आणि आपलं बंद ठेवायची. जहाजावरच्या जावयांनी फोनवर आ करून दाखवला, तेवढ्यात फोन अडकला, आणि ते उघडं तोंड पडद्यावर तसंच राहिलं. ठकी घाबरून रडली, मग जावई रडवेले झाले. मशीन न्यायला आलेल्या शिंप्याने, कसं गोड लागतं ते दाखवायला, तिच्या वाटीतलं केळं चाखलं. वाटी संपवली. ठकीने समाधानाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना तो पुन्हा आला.

मग रविवारची दुपार. बायको गाजराच्या लगद्याने माखलेली भिंत पुसत होती, म्हणून ठकी माझ्या मांडीवर होती. जेवणाआधी क्षणभर डोळे मिटायची सवय मला शाळेतल्या गुरुजींनी लावली, ती अजून सुटलेली नाही. एरवी ठरलेले शब्द म्हणतो. त्या दिवशी ते आठवेचनात. एवढंच म्हटलं, देवा, हिला घास लागू दे.

तेवढ्यात दारातून लेकीचा आवाज आला, अगदी दबका.

"बाबा, डोळे उघडू नका. ती खातेय."

माझ्या ताटातला उकडलेला बटाटा ठकीने स्वतःच्या मुठीने उचलला होता. मला दिसत काहीच नव्हतं, पण हिरड्यांचा मचमच आवाज येत होता. ताई, इतकं सुरेल मी देवळातही ऐकलेलं नाही. मनगटावर कोमट लाळ गळत होती. मांडी बधिर झाली तरी मी हललो नाही. बायको तर श्वाससुद्धा घेत नव्हती. आवाज थांबला तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, अजून थोडं देवाचं नाव घ्या ना."

तेव्हापासून नियम झाला. ठकीला ताटाशी बसवायचं आणि कुणी बघायचं नाही. मनात येतं, आपणही देवाच्या हाताकडे असेच टक लावून बसतो, त्यालाही अवघडल्यासारखं होत असेल. सोमवारी पहाटे लेक पिशवी घेऊन निघाली ती गणवेश अंगात घालून. पिशवीत डबा होता.

तुझा,
धाकटा

ता. क. आता मूळ काम. ठकीचं जेवण रमतगमत चालतं आणि तोवर मी डोळे मिटून बसतो. दुकानात मशीनांची रांग लागली आहे, मी संत झालोय असं शिंपी सगळीकडे सांगत फिरतो, आणि काल एक बाई पाया पडून गेल्या. तू महिनाभर ये आणि माझ्या जागी बस. काहीच करायचं नाही, फक्त डोळे मिटायचे आणि बोलायचं नाही. (दुसरं जड जाईल, याची कल्पना आहे. भावोजींना आधी विचारू नकोस, ते फारच लवकर हो म्हणतील.)

आणखी ता. क. आज ठकीनेही जेवणाआधी डोळे मिटले. मला भरून आलं. मग नीट पाहिलं, तर तिचा एक डोळा किलकिला होता आणि माझ्या ताटावर रोखलेला होता. हे ती कुणाचं पाहून शिकली, ते आल्यावर सगळ्यांसमोर विचारू नकोस.