पाठीमागचे हात

सोमवार, ९ जून
आले एकदाची! दादाची पैज — "तू आठवडाभर एका खोलीत? बुधवारीच चप्पल घालशील." बघूच.

विद्यापीठाचं शिबिर. हॉस्पिटल प्रश्न आणि जुन्या नोंदी देतं, अनोळखी लोकांनी मिळून कॉम्प्युटरवर सोडवायचं. कॉलेज अर्धवट सोडलेली मी एकटीच. आमच्या गटाचा प्रश्न: हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी तपासणीला परत कोण येणार नाही, हे घरी सोडतानाच ओळखायचं. ज्यांची नावं निघतील त्यांच्या घरी नर्स जाणार. ज्याचं चुकून राहील त्याच्याकडे कोणीच नाही — हे डोक्यातून जात नाही.

प्राध्यापक बाई प्रमुख. नियम त्यांचाच — प्रमुखाने फक्त विचारायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून फिरतात. परीक्षेतल्या सुपरवायझरच जणू!

मंगळवार, १०
हॉस्पिटलच्या नोंदींचे दोन तक्ते मी जोडले. बाई मागे उभ्या. "'फोन लागला का' हा रकाना कधी भरतात गं?" "बघते," म्हटलं. मग नकाशात गावं शोधत बसले, मग खिडकीत कबुतरांचं भांडण... राहिलंच.

बुधवार, ११
जुन्या नोंदींवर मशीनने शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखले! गटातला दाढीवाला खुर्चीवर चढून नाचला. बाई म्हणाल्या, "इतकं बरोबर? मला भीती वाटते."

"नाकं मुरडायला काय जातंय!" दाढीवाला पुटपुटला.

कंटाळा. चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले. बाईंचा प्रश्न टोचत होता. परत फिरले.

गुरुवार, १२
हॉस्पिटलच्या डॉक्टरांनाच फोन लावला. "पेशंट आला नाही की ऑफिसातून फोन करतात," म्हणाले. "तेव्हा भरतात."

मेलेच! म्हणजे मशीन उत्तर बघूनच उत्तर देत होतं. रकाना काढला — उरलं ते नाणं उडवल्यासारखं.

बाईंवर ओरडलेच. "माहीत होतं तर सांगायचं ना!"

"शंका होती. सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस, रकान्याकडे नाही."

राग अजून गेलेला नाही. उद्या सगळ्यांसमोर मीच बोलणार.

शुक्रवार, १३
बोलले. चूक माझी, कशी झाली, सगळं. ऐकायला आलेले हॉस्पिटलचे डॉक्टर उठले — वाटलं, आता झापतात.

"आमच्याकडे असंच विकतचं एक यंत्र वर्षभर चालू आहे," म्हणाले. "त्यातही हा रकाना आहे. घरी सोडताना तो सगळ्यांचाच रिकामा. म्हणून नावं फारशी निघतच नाहीत, नर्सही जात नाही. आम्हाला वाटलं, लोक शहाणे झाले."

बाईंनी पाठीमागचे हात सोडले, खुर्ची ओढली आणि कीबोर्ड पुढ्यात घेतला.

"वर्षभरात घरी सोडलेल्या सगळ्यांची नावं द्या. आत्ता."