शिडीपाशी थांबवलेली नवरी

ब्यूनोस आयर्स, १९२७

पेर्ल,

काल तुझं लग्न झालं. सिनेगॉगसमोरच्या फुटपाथवर उभी राहून मी ते पाहिलं, आणि पाहताना जळून गेले.

झिसलताई तापाने वारली, असं आईने तुला सांगितलंय. खरं म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी याच बंदरात उतरले. सोबत नवरा होता, त्यानेच मला एका कुंटणखान्यात विकलं. धक्क्यावर मला अडवणारं कोणी नव्हतं.

गेल्या वर्षी त्या घराचा मालक पुढच्या बोटीने येणाऱ्या नव्या 'नवरी'चा फोटो मिरवत होता. फोटोत तू होतीस. दवाखान्याचं निमित्त काढून मी आपल्या ज्यू बायकांच्या समितीकडे पळाले. तिथल्या ग्लिक्समानबाई म्हणाल्या, "तुमच्यासारखीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"नका ठेवू. पण बोटीवर जा. मुलीच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे."

त्या गेल्या. मी खोक्यांआड उभी होते. त्यांनी शिडीपाशीच तुझा हात धरला. तू किंचाळलीस, "सोडा! तो माझा नवरा आहे!" तो मात्र गर्दीत पसार झाला; ते लग्नही माझ्या लग्नासारखं खोटंच होतं.

त्यांनी तुला घर दिलं, शिवणकाम शिकवलं, चांगला मुलगा पाहिला. मलाही नंतर त्यांनीच त्या घरातून सोडवलं. पण तोवर मी एकतीस वर्षांची झाले होते.

काल बाई म्हणाल्या, "आत चला, तिला सांगू या."

मी नको म्हटलं. तू गळ्यात पडली असतीस, आणि माझ्या तोंडून आशीर्वादाआधी निघालं असतं, "तुलाच का गं वाचवलं?"

झिसल