जयंतीच्या जीपचं इंजिन

२९ मार्च, रवि.
इंजिनचा ब्लॉक आला. नारायणगावहून लेथवाल्या रफिकचाचांनी स्वतः आणून दिला, पोत्यात गुंडाळून. सिलिंडरचं बोअरिंग असं झकास केलंय की आत बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. चाचांनी विचारलं, यंदा इंजिन बांधणार कोण? अण्णांनी माझ्याकडे मान केली. आमचे वडील बोलत नाहीत, मान करतात. हात थरथरायला लागल्यापासून बारीक काम त्यांना जमत नाही. चाचा हसले नाहीत. बरं वाटलं.
जीप घरचीच. दर १४ एप्रिलला कळंबात बाबासाहेबांची प्रतिमा हिच्यावरून निघते. गेल्या जयंतीनंतर इंजिन जे बसलं ते बसलंच.

२ एप्रिल, गुरु.
आजही एकजण गॅरेजात येऊन "अण्णा कुठायत?" विचारून गेला. मी समोर उभी, हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस. मी काय हवा भरायला आले होते?
मंचरचे थोरात आले. त्यांचा टेम्पो ऑइल पितो. म्हणे, जीप चालू होऊ द्या ताई, मग बघू. म्हणजे परीक्षाच.
अण्णांनीही रात्री जेवताना सांगून टाकलं. जीप नीट चालली तर इंजिनकाम माझ्याकडे. नाही तर ते बंद, नुसती सर्व्हिसिंग आणि पंक्चर. ठीक आहे. बघूच.

५ एप्रिल, रवि.
दिवसभर धुणं. सगळे भाग डिझेलने, मग पेट्रोलने, मग हवा मारून कोरडे. ऑइल पंपही खोलून आरशासारखा केला. आई म्हणाली, घरातली भांडी कधी अशी घासली नाहीस. खरंय.
इतकं स्वच्छ इंजिन अण्णांनीसुद्धा कधी बांधलं नसेल. हे त्यांच्यासमोर बोलले नाही, इथे लिहिते.

८ एप्रिल, बुध.
क्रँक बसली. नवी बेअरिंगं, भरपूर ऑइल लावून. अण्णा शेजारी खुर्ची टाकून. एका बोल्टला फक्त "पुन्हा" म्हणाले. पुन्हा आवळला, थोडा ढिला होताच. शेवटी क्रँक एका बोटाने फिरली. एका बोटाने! मी उगाचच चार-पाच वेळा फिरवून पाहिली.

११ एप्रिल, शनि.
पिस्टन, हेड, टॅपेट, सगळं झालं. इंजिन साखळीने उचलून जीपमध्ये ठेवलं. संदीप जयंती मंडळाची पोरं घेऊन आला होता. चुलतभाऊ, यंदाचा अध्यक्ष, त्यामुळे सूचना फार. ऑइल भरलं, पाणी भरलं. कुठे थेंबभर गळती नाही.
संदीपने ग्रुपवर फोटो टाकला, "आमच्या सुमनताईने बांधलेलं इंजिन". काढ म्हटलं. काढला नाही. मीही फार मागे लागले नाही.

१३ एप्रिल, सोम.
सेल्फची मोटर मंचरला वाइंडिंगला दिली होती, ती आत्ता संध्याकाळी आली. बसवली. जीप धुऊन, निळ्या पताका लावून तयार.
उद्या सकाळी आधी डिझेल तोडून नुसता सेल्फ मारायचा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. ऑइल प्रेशरचा काटा वर आला की मगच डिझेल जोडून चालू करायचं. कोरडं चाललं तर नवी बेअरिंगं गेलीच समजा.
झोप येत नाही.

१४ एप्रिल, मंगळ.
काटा हलला नाही.
सेल्फ मारला, थांबले, परत मारला. शून्य. काटा खराब असेल म्हणून त्याचा पाइप सोडून पाहिला, तर ऑइलचा टिपूस नाही. मग डोक्यात आलं. पंप! मी तो पुसून पुसून इतका कोरडा केला की ऑइल ओढायला आत ओलावाच नाही. सगळ्याला ऑइल लावलं आणि पंप चकचकीत तसाच बसवला. मला माझाच राग आला. खोलायचं तर खालचं चेंबर उतरवायचं, त्याला पुढचा एक्सल आडवा येतो, म्हणजे इंजिन परत उचलायचं. संध्याकाळच्या मिरवणुकीच्या आत शक्य नव्हतं.
तोवर सगळी आळी जमलेली. संदीप म्हणाला, चालू तर कर, चालू झालं की तेल आपोआप चढतंय, आम्ही धक्का मारतो.
अण्णा म्हणाले, "आमच्या वक्ताला आमी असंच चालू करायचो." मग माझ्याकडे बघून, "तुझं काय म्हणनं?"
मी म्हटलं, "नाय अण्णा. इंजिन मी बांधलंय. तेल चढल्याबिगर चावी देणार नाय."
अण्णा संदीपकडे वळले. "ढकला मंग."
आणि ढकलली! अख्ख्या गावातून. अण्णा स्टिअरिंगवर, वर प्रतिमा आणि हार, मागे पोरं, बाया पदर खोचून, त्यात आमची आईसुद्धा. चौकात कुणीतरी विचारलं, बंद पडली काय राव? संदीप घामाघूम, तरी ताठ मानेने म्हणाला, "बंद न्हाई पडली. अजून चालूच केली न्हाई."
मी बॉनेटवर हात ठेवून चालत होते. रडू आलं. लाजेचं नव्हतं ते. असा अभिमान मला कधी वाटला नव्हता. रस्त्याच्या कडेला थोरात उभे दिसले, मी दुसरीकडे बघितलं.

१६ एप्रिल, गुरु.
इंजिन उचललं, चेंबर उतरवलं, पंप काढला. रफिकचाचांना फोन केला. म्हणाले, पंपाच्या दात्यांत पेट्रोलियम जेली भर, ती तेल ओढून घेते आणि मग विरघळून जाते. भरली. परत सगळं जागेवर.
दुपारी थोरात आले. जीप चालू झाली का? नाही, म्हटलं. मग विचारतात, माझ्या टेम्पोचं इंजिन कधी आणू?
मी आठवण करून दिली, जीप चालू झाल्यावर बघू म्हणाला होतात.
"परवा बघितलं की मी. एवढी मानसं मागं लागली तरी चावी दिली न्हाई तुमी."
अण्णांना सगळं ऐकू गेलं होतं. तरी खुर्चीतून विचारलंच, कुणाकडं टाकायचं म्हणता इंजिन? थोरातांना मोठ्याने सांगावं लागलं, ताईकडं. मग अण्णांनी चहा मागवला.

१७ एप्रिल, शुक्र.
डिझेल तोडूनच सेल्फ मारला. काही नाही. परत मारला. काटा थरथरला, वर गेला आणि तिथेच राहिला.
अण्णांना इतक्या लांबून काटा दिसत नाही. "सांग की," म्हणाले. मी नुसती मान केली.
आता डिझेल जोडायचं, पाइपातली हवा काढायची. उद्या सकाळी चालू करणार. होईल? आवाज कसा निघेल? धूर? काही सांगता येत नाही.
अण्णांना म्हटलं, सकाळी लवकर या. म्हणाले, मी येत नाही, तुझं तू चालू कर.
घर गॅरेजच्या मागेच आहे. आत्ता आईने सांगितलं, त्यांनी खाट गॅरेजकडच्या खिडकीशी ओढून घेतलीय.